दांडीवरचं कुंकू

मला भीती वाटली की मी ओरडतो. लहानपणापासूनची खोड आहे. बाकीची माणसं भ्याली की गप्प होतात, माझा आवाज चढतो. करमाडच्या अलीकडं आमचं सुतारकामाचं शेड आहे. तिथून माझा आवाज रस्त्यावरच्या चहावाल्यापर्यंत जातो. तो हसून म्हणतो, "मिस्तरी, आज वहिनी मशीनवर व्हत्या वाटतं." व्हय बाबा, होती. आणि तिच्यापायीच ओरडत होतो.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं रंधा मशीननं नेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. उरलेल्या बोटांत मी सगळं काम रेटतो. फक्त फळी उभी धरून मशीनवरून सरकवायची म्हणलं की दोन्ही हातांची घट्ट पकड लागते, आणि ती माझ्याकडं नाही. माझ्या बायकोकडं आहे. ही फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरची, माहेरी हिनं विळ्याशिवाय दुसरं हत्यार धरलं नव्हतं. आता फळीला किती जोर द्यायचा हे तिच्या हाताला माझ्याआधी कळतं. सगळं चांगलं आहे. तिला दहा बोटं आहेत आणि ती दहाच राहावीत, एवढंच माझं देवाकडं मागणं.

गेल्या साली खुलताबादच्या एका अत्तरवाल्यानं दुकानासाठी सागवानी खांब सांगितले होते. चौकोनी, आतून पोकळ, आणि कोपऱ्यावर सांधा दिसता कामा नये. खिळा तर नावालाही नको. असल्या कामाला लॉक मायटर लागतो. चारी फळ्यांच्या कडा तिरक्या कापायच्या, आणि त्या तिरक्या कडेतच एक दात नि एक खाच काढायची. मग फळ्या एकमेकींत अडकून बसतात, सरकत नाहीत. हे सगळं एकच बिट कापतं, म्हणजे वर दातांचं पातं नि खाली पकडीत घालायची दांडी. ते फिरवणारी मोटर म्हणजे राउटर, आमचा टेबलाखाली उलटा टांगलेला आहे, टेबलाच्या भोकातून बिट वर डोकं काढतं. बाकीची बिटं बोटाएवढी असतात. हे मोठ्या लिंबाएवढं. फिरायला लागलं की त्याचे दात दिसतसुद्धा नाहीत, नुसता वारा लागतो. निम्म्या फळ्या टेबलावर आडव्या सरकवायच्या, निम्म्या गाईडच्या पट्टीला टेकवून उभ्या. आडव्या मी सरकवतो. उभ्या तिच्याकडं.

हे बिट बसवणं म्हणजे डोक्याला ताप. त्याचा मध्य फळीच्या जाडीच्या बरोब्बर मध्यावर यायला पाहिजे. केसभर वर गेलं की एक फळी बाहेर डोकावते, केसभर खाली गेलं की दुसरी. उंची जमली की गाईड मागंपुढं करत बसायचं, कारण कड तर धारेसारखी निघाली पाहिजे आणि फळीची रुंदी मात्र कमी व्हायला नको. टाकाऊ तुकड्यावर कापायचं, जुळवून बघायचं, शिव्या घालायच्या, परत फिरवायचं. सगळा दिवस त्यात गेला. दिवस कलता कलता दोन तुकडे असे बसले की हिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणली, "आता गं बया, सांधा हाय कुठं?" मी तो तुकडा नमुना म्हणून जपून ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि सगळं खोलायचं होतं.

आमच्यात खंडेनवमीला हत्यार कामाला लावत नाहीत. मशीन असो नाहीतर पटाशी, सगळं खोलून, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं. मग हळदकुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. दसऱ्याला पूजा हलली की मगच काम. त्या दिवशी पाटावर ते लिंबाएवढं बिट बघितलं आणि हिचं बोट कुंकवाच्या करंड्यात बघितलं, झालं, माझा आवाज चढला. "त्या पात्याला बोट लावशील तर बघ! लई धार हाय त्याला! सांगून ठेवतो, हात लावायचा नाय!" शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं मान वळवून बघितलं. ही म्हणली, "सणाच्या दिवशी तरी हळू बोला की." मग तिनं एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं, मी उदबत्ती ओवाळली. बिटाजवळ तिचा हात गेला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. खोटं कशाला सांगू.

दसरा झाला. मी बिट परत बसवायला घेतलं. धार रॉकेलच्या चिंधीनं चकाचक पुसली, बिटाची दांडी राउटरच्या पकडीत घातली, नट जोर लावून आवळला आणि नमुन्याचा तुकडा लावून उंची मिळवली. आडव्या फळ्या मी काढल्या, त्या झकास निघाल्या. मग उभ्यांची पाळी आली.

"बांगड्या काढ," मी म्हणलो.

"सगळ्या काढत नाय मी."

"अगं अडकल्या म्हणजे?"

"नाय अडकत." तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, वरून फडकं गुंडाळून गाठ मारली, पदर कमरेला खोचला आणि फळी उभी केली. माझं काम एकच, पायाखालचं स्विच. पाय दाबलेला तोवर मशीन चालू, पाय उचलला की बंद. मी पाय ठेवला आणि आरडायला सुरुवात केली. "हळू! हात वर! वर घे म्हणलं ना! खाली बघू नको, गाईडकडं बघ! दाबून धर!"   फळी शांतपणे पुढं चालली होती, भुसा उडत होता, सागवानाचा वास सुटला होता. निम्म्याच्या पुढं गेली तेव्हा मला वाटलं, झालं आता, निघाली.

तेवढ्यात आवाज बदलला. ज्यानं जन्मभर मशीन ऐकलंय त्याला तो आवाज लगेच कळतो. बिट एकदम जड खायला लागलं, फळीनं उसळी मारली आणि ती मागं फेकली गेली. हिचे हात फळीवर होते, फळी निघून गेली आणि तळवा टेबलावर आपटला, बिटाच्या अगदी शेजारी. मी पाय उचलला. पण पाय उचलल्याबरोबर बिट थोडंच थांबतं? ते गुरगुरत फिरत राहिलं. तिनं हात ओढून छातीशी धरला, पदरात. 

बिट थांबलं तेव्हा मला लाल दिसलं. दातांच्या खाली, चकचकीत दांडीवर, ओलं लाल.

"बोट! अगं बोट गेलं तुझं!" मी ओरडत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. मी टेबलाला धडकून पलीकडं गेलो, तिचा हात पदरातून ओढून काढला आणि मोजायला लागलो. एक हात, दुसरा हात. नऊच भरली. परत मोजली, परत नऊ. 

"अंगठा तुमच्या मुठीत हाय," ती म्हणली. "सोडा आधी, दुखतंय."

अंगठा होता. सगळी होती. तळव्याला खरचटलं होतं, तेवढंच. रक्ताचा थेंब नव्हता. मी मटकन भुशात बसलो.

बऱ्याच वेळानं मला सुचलं की मग ते लाल काय होतं? मशीनची वायर काढली आणि जवळ जाऊन बघितलं. बिट पकडीतून निसटून वर सरकलं होतं, म्हणून तर जास्त खोल कापलं त्यानं आणि फळी उडाली. सरकल्यामुळं दांडीचा पकडीतला भाग बाहेर आला होता. त्यावर तेल होतं, आणि तेलात कालवलेलं हळदकुंकू; त्या निसरड्या थरामुळं पकड घट्ट बसलीच नव्हती. मी धार पुसली होती, दांडी पुसलीच नव्हती. म्हणलं, दांडीला काय होतंय?

भीती गेली की मला राग येतो, पाठोपाठच येतो. "दांडीला कुंकू कुणी लावलं?" मी खेकसलो. "आं? दांडी काय देव हाय का? जिथं पकड बसती तिथंच लावायचं व्हतं का तुला? सगळ्या हत्यारांना पात्यावर लावतात, आणि तू..."

ती शांतपणे हाताला हळद लावत होती. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणली, "तुम्हीच म्हणला व्हता ना, पात्याला बोट लावशील तर बघ. मग कुठं लावणार? दांडीच उरली व्हती."

 जिच्या बोटांसाठी एवढा ओरडलो, तिची बोटं माझ्या ओरडण्यानंच जायची होती. 

"मला भीती वाटते गं," मी म्हणलो. "तू मशीनवर उभी राहिलीस की मला लई भीती वाटते."

"मग तसं सांगत जा ना," ती म्हणली. "ओरडल्यावर मला वाटतं, मीच काहीतरी चुकले."

दांडी तिनंच पुसली, रॉकेलनं, घासून घासून. पकडही आतून कोरडी केली. मी नट आवळला, नमुना लावून उंची परत मिळवली, टाकाऊ तुकड्यावर कापून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या फळ्या काढल्या. मी पाय स्विचवर ठेवला आणि ओठ दाबून उभा राहिलो. तोंडातून शब्द काढला नाही. खांब अत्तरवाल्याच्या दुकानात लागले. लोक कोपऱ्यावरून हात फिरवून बघतात म्हणे.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मांडला. ही करंडा घेऊन बसली, बिटाशी आली आणि थांबली. माझ्याकडं बघायला लागली. मी बिट उचललं, दांडी मुठीत गच्च झाकून घेतली आणि दात तिच्यासमोर धरले.

"पात्यालाच लाव," म्हणलो.

"ओरडणार नाय ना?"

"नाय."

 तिनं बोटावर कुंकू घेतलं, दाताच्या चपट्या बाजूवर अलगद टेकवलं, आणि बोट मागं घेतलं. मग दोन्ही हात माझ्या तोंडासमोर पसरून धरले.

"मोजा," ती म्हणली.

मी मोजली.