अक्कांची भीती

आमच्या अक्कांना भीती वाटली की त्या तसं सांगायच्या. यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण जरा आठवून बघा, तुमच्या घरात कोण सांगतं? घाबरलेला माणूस चिडतो, दुसऱ्यावर ओरडतो, देवापुढे जाऊन बसतो, नाहीतर उगाचच हसतो. चारचौघांत, मान खाली न घालता "मला भीती वाटते" असं म्हणणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. ती माझी थोरली जाऊ. आता त्या नाहीत. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, म्हणून सांगायला बसले आहे.

मी मूळची देवळ्याची, कांद्याच्या चाळीशेजारी वाढलेली. लग्न होऊन मखमलाबादच्या बाजूला या फुलांच्या मळ्यात आले, तेव्हा बायका एकामागून एक येऊन मला सांगत होत्या, घाबरू नकोस, तुझंच घर आहे. त्या जितकं सांगत होत्या तितकी मी जास्त घाबरत होते. मग अक्का आल्या. वाफ्यातून थेट उठून आल्या होत्या, नखांत माती होती. माझ्या कानाजवळ येऊन म्हणाल्या, "लय भ्या वाटतंय ना? वाटू दे. मला तर वर्षभर वाटत व्हतं." मी जी रडायला लागले ती थांबेचना. रडून झाल्यावर सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली आणि मी चांगल्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

त्यांची भीती लहानमोठं बघायची नाही. सापाची होती, विहिरीच्या काठाची होती, बँकेच्या काचेच्या दाराचीही होती. एकदा आम्ही दोघी लग्नाच्या खरेदीला मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यापुढे अक्का थांबल्या आणि तिथल्या वॉचमनला म्हणाल्या, "दादा, मला भीती वाटती, जरा थांबव ना त्याला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बिचारा भला होता, त्याने आम्हाला लिफ्टमधून नेलं. लिफ्टचं दार लागल्यावर अक्का म्हणाल्या, याच्यापरीस जिना बरा व्हता.

त्यांचे यजमान, माझे थोरले दीर, त्यांना सगळा मळा दादा म्हणायचा. त्यांचा स्वभाव अगदी उलट. "काय व्हत नाय" हे त्यांचं पालुपद. गारपीट झाली, काय व्हत नाय. पायात काच गेली, काय व्हत नाय. माझ्या वाट्याची भीतीपण हिलाच गेली, असं ते अक्कांना चिडवायचे. कोरोनात दादांची फुफ्फुसं गेली ती गेलीच. जीव वाचला, पण घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पिठाच्या डब्याएवढं, विजेवर चालणारं, दिवसरात्र घरघर करणारं. त्याची नळी नाकात घालून दादा खाटेवर बसायचे आणि तिथूनच मळ्याचा कारभार बघायचे. भेटायला आलेल्याने तब्येत विचारली की तेच, काय व्हत नाय.

ते वादळ आलं ते मे महिन्यात. लग्नसराई होती, झेंडू ऐन भरात होता. सकाळी मी धुणं वाळत घालत होते तर अक्का म्हणाल्या, आज नको घालू, मला भीती वाटती. कसली ते त्यांनाही सांगता येईना. दादा खाटेवरून म्हणाले, आता हिला दोरीवरच्या कपड्यांचीपण भीती वाटायला लागली.

दुपारी जेवणं उरकत होती. पश्चिमेकडून तांबडी धूळ उठली आणि बघता बघता मळा दिसेनासा झाला. वारा मी पुष्कळ पाहिलाय हो, पण तो वारा नव्हता, कोणीतरी घर धरून हलवत होतं. पॉलिहाऊसचा कागद टराटरा फाटत होता, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गच्चीवरची काळी टाकी उडाली ती अंगणात आपटून लोळत गेली. कुठेतरी मोठं काहीतरी कडाडून मोडलं आणि लाईट गेली. आणि त्याच क्षणी दादांचं मशीन किंचाळायला लागलं.

ज्याच्या घरात ते मशीन आहे त्यालाच तो आवाज कळेल. बाहेर सगळं जग मोडतंय आणि घरात ते एकसारखं टीं टीं करतंय. माझा मुलगा संजू त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होता, एरवी अंबडला कंपनीत असतो. त्याने धावत जाऊन मशीनची पिन इन्व्हर्टरवर लावली, तेव्हा ते गप्प झालं. अक्का दादांच्या खाटेची पाटी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, जसा काही वारा त्यांनाच न्यायला आला होता.

वारा ओसरल्यावर आमचे हे आणि संजू बाहेर जाऊन आले. विजेचे खांब ओळीने आडवे झाले होते. रस्त्यावर निलगिरीची झाडं पडलेली, त्यांच्यात तारा गुंतलेल्या. फोनला रेंज नाही. आणि इथेच आमच्या मळ्याची जी जुनी सवय आहे ना, ती आमच्या मुळावर आली. आमच्याकडे लाईट गेली की प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो, येईल आता. शेतीची लाईट कधी सरळ मिळालेली नाही, तेव्हा हा धीर देण्याचा रिवाजच पडलाय. यांनी सांगितलं संध्याकाळपर्यंत येईल. शेजारचे सांगून गेले, साहेब लोक निघालेत, येईल आता. खरं तर कोणाला काहीच माहीत नव्हतं. कोणी कोणाशी खोटं बोलत नव्हतं, आणि तरी एकही शब्द खरा नव्हता.

अक्का एकट्याच म्हणत होत्या की मला भीती वाटती, यांना उजेडातच दवाखान्यात हलवू. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. ज्या बाईला दोरीवरच्या कपड्यांची भीती वाटते तिचं कोण मनावर घेणार?

इन्व्हर्टर अंधार पडेपर्यंत पुरला. मग घरात जपून ठेवलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर लावलं, त्याने सकाळ दाखवली. सकाळी संजूने ट्रॅक्टर खिडकीपाशी आणून उभा केला, त्याच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला आणि इंजिन चालू ठेवलं. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. पण डिझेल किती होतं, तर टाकीत तळाला. पंपापर्यंत जायला रस्ता नाही. दादांचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. आणि ओट्यावर बसलेले पुरुष अजून म्हणत होते, दुपारपर्यंत येईल.

तेव्हा अक्का उठल्या. त्यांनी दादांसमोर पाट ओढला, त्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, "या लोकांचं ऱ्हाऊ द्या. लाईटचं पण ऱ्हाऊ द्या. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा."

 मला वाटलं आता नेहमीचं पालुपद येणार. ओट्यावरची मंडळीही त्याचीच वाट बघत असावीत. दादांनी नळी जरा दाबून धरली, श्वास जमवला आणि म्हणाले, "भीती वाटती."

एवढंच.  आमचे हे उठून ट्रॉली जोडायला गेले.

रस्ता बंद होता, पण मळ्याच्या मागून पाटाच्या रस्त्याला निघता येत होतं. अडचण अशी की मध्ये रंगनाथ भाऊजींचं शेत होतं. हे आमच्या यांचे चुलतभाऊ. बांधावरून आमचं बोलणं बंद झालेलं, इतकं की दोन्ही घरची लग्नं एकमेकांवाचून झाली होती. त्यांच्या कुंपणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. यांनी मला सांगितलं की मी जातो त्याच्याकडे. म्हणजे भांडण होणार हे ठरलेलंच. पण तोवर अक्का कुंपणापाशी पोचल्या होत्या. मी मागे धावले.

भाऊजी त्यांच्या आडव्या झालेल्या झेंडूत उभे होते. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं. अक्कांनी ना पाया पडणं केलं, ना जुनं काही काढलं. एवढंच म्हणाल्या, "रंगनाथ, यांना दम पुरत नाय. मला लय भीती वाटती. तुझ्या वावरातून ट्रॉली काढायची हाय."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा ताठा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. भांडायची त्यांची तयारी होती, याची नव्हती. ते घरात गेले, पक्कड आणि एक वाळकी वेळूची काठी घेऊन आले आणि स्वतःच कुंपणाची तार तोडायला लागले. मग म्हणाले की डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज मी कालच काढून आणलेत, पण बांधावर पडलेली तार डीपीच्या अलीकडची की पलीकडची, ते माझ्याच्याने सांगवत नाही. पलीकडची, मोठ्या लाईनची असली आणि लाईट आली, तर फ्यूज काढल्याचा काही उपयोग नाही.

तर अशी आमची वरात निघाली. संजू ट्रॅक्टरवर. इन्व्हर्टर त्याच्या मडगार्डला दोरीने बांधलेला. ट्रॉलीत फुलांच्या क्रेटवर गादी टाकून दादा, त्यांना टेकून अक्का, आणि मशीन मांडीशी आवळून मी. पुढे भाऊजी, तो वेळू घेऊन झेंडू बाजूला सारत, तार कुठे लपली आहे ते बघत. चाकांखाली भरलेली फुलं चिरडली जात होती आणि त्यांचा उग्र वास येत होता. बांधाशी पाणी साचलं होतं. त्यात एक तार शिरलेली दिसली, दुसरं टोक दिसेना.

कालपासून मी लाईट यावी म्हणून एक देव सोडला नव्हता. आणि आता त्याच देवांना सांगत होते, बाबांनो, एवढं शेत पार होईपर्यंत तिला पाठवू नका. माझे दात वाजत होते. मे महिन्यात.

अक्का मोठ्याने म्हणाल्या, "मंदा, मला लय भीती वाटती. तुला?"

मी म्हटलं, हो.

पुढून भाऊजी मागे न बघता म्हणाले, "मलाबी वाटती, वहिनी."

"मग मीच राहिलो का," संजू म्हणाला, आणि त्याचा आवाज चांगलाच कापत होता, "मोठी आई, मला तर केव्हाची वाटतेय, पण गाडी कोण चालवणार?"

दादा नळीतून हसले. खोकला आला, पण हसले. त्या पाण्याला वळसा घालून ट्रॉली पाटाच्या रस्त्यावर चढली तेव्हा भाऊजी खालीच बसले, चिखलात, वेळू आडवा टाकून. आम्ही तसेच ट्रॅक्टरवर शहरातल्या द्वारका चौकापर्यंत गेलो. वाटेत एका अनोळखी माणसाने आपल्या गाडीतलं डिझेल काढून दिलं. दवाखान्याच्या दारात संजूने इंजिन बंद केलं, आणि मला ती शांतता सहन होईना. नर्सने दादांना तिथली नळी लावल्यावरच माझे हात मशीनवरून सुटले.

लाईट त्या दिवशी दुपारी आली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटून गेला तरी आमच्या मळ्यात रॉकेलच्या चिमण्याच पेटत होत्या. दादा दवाखान्यातून घरी आले ते खांब उभे राहिल्यावर. रंगनाथ भाऊजी त्यांना बघायला आले, चहा घेतला, झेंडूचं नाव कोणी काढलं नाही.

दादांनी पुढची दिवाळी पाहिली. थंडीत गेले, झोपेत, मशीन चालू असताना. अक्का रडल्या, सगळं रीतीने केलं, पुन्हा वाफ्यात खुरपायला बसायला लागल्या. काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते मला कळत नव्हतं. ते कळलं पुढच्या मे महिन्यात.

तसाच तांबडा वारा सुटला. मागल्या वर्षीचं आठवून माझ्या अंगाचं पाणी झालं. दारं लावत लावत मी बाहेर आले तर अक्का अंगणात खांबाला टेकून बसलेल्या, समोर फुलांचा ढीग, हातात सुई. पदर उडत होता, फुलं पळत होती, आणि त्या शांतपणे माळ ओवत होत्या. त्या वाऱ्यापेक्षा मला त्यांचीच भीती वाटली. मी समोर पडवीच्या पत्र्याखाली जाऊन बसले आणि विचारलं, "अक्का, आज भीती नाही वाटत?"

"आता कोणासाठी वाटू?" त्या म्हणाल्या.

 वारा वाढत होता. मग त्यांच्याकडूनच शिकलेलं होतं ते मी बोलले. "मला वाटतेय, अक्का. तुमच्यासाठी."

त्यांनी सुई थांबवली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्याच्या वर बघितलं.

"आधी त्या पत्र्याखालून ऊठ," त्या म्हणाल्या. "खिळे निघालेत त्याचे. ऊठ म्हणते ना मंदा, मला भीती वाटती."

मी उठले.