पांढऱ्या वाईनचा शब्द

आमच्या घरी वाईन आली ती तपकिरीच्या बदल्यात. आमचे हे निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची प्रत ठरवायचं काम करीत. हंगामात सोमवारी पहाटेच्या बसने जायचे, शनिवारी संध्याकाळी अनगोळला घरी परतायचे. मी बेळगावातच शाळेत शिकवत होते. खानापूरला एक वृद्ध पाद्री राहत, त्यांना निपाणीचीच तपकीर लागे. ती पोचवण्याचं काम यांच्याकडे कसं आलं ते आता आठवत नाही, पण खानापूरहून परत येताना पिशवीत एखादी बाटली असायची.

पाद्री तरुणपणी शिकायला इटलीत राहिले होते. तिथल्या खेड्यांत घरोघरी करतात तशी वाईन ते चर्चच्या विधीसाठी करीत, आणि थोडी स्वतःच्या जेवणासाठी. द्राक्षं विजापूरकडची, रीत इटलीची. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की तांबडी, हिरव्या द्राक्षांचा नुसता रस आंबवला की पांढरी. वर साखर घालायची नाही. गोव्याची गोड पोर्ट प्यालेल्या माणसाला ती घशाखाली उतरत नसे. झिंगण्यासाठी नव्हे तर घासाबरोबर घ्यायची, असं ते बजावून सांगत. आधी उजेडात धरून रंग बघा, मग वास घ्या, मग घोट तोंडात थोडा वेळ राहू द्या.

रविवारी दुपारी आम्ही तसं करत असू. पहिल्यांदा स्टीलच्या भांड्यांत ओतली, तर वाईनऐवजी भांड्याचाच वास येत राहिला. मग पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे पेले काढले. तांबडी मटणाबरोबर, पांढरी तळलेल्या माशाबरोबर. पांढरीची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी गार करत ठेवायची. एकदा घरात झुणका-भाकरीच होती, तर तांबडी त्याच्याशीही जमली.

वखारीत पान पारखायची यांची पद्धत होती. पान तळहातावर चुरायचं, त्यावर तोंडाची ऊब सोडायची, डोळे मिटून हुंगायचं आणि एकच शब्द बोलायचा. शेजारचा माणूस तो शब्द पुन्हा उच्चारायचा, की प्रत ठरली. वाईनलाही यांनी तोच न्याय लावला. पेला दोन्ही तळव्यांत धरून किंचित ऊब द्यायची, हुंगायचं, डोळे मिटायचे. "जांभळाची साल," असं तांबडीला म्हणत. कधी "ओलं चामडं". पांढरी यांना फारशी मानवत नसे. तिला "कैरी" म्हणून मोकळे होत. मी तो शब्द पुन्हा उच्चारायची आणि खरोखर मला जांभूळ लागायचं, कैरी लागायची. आमची रविवारची दुपार अशी वखारीच्या शिस्तीत जायची, आणि मला ती आवडायची.

यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, निपाणीजवळच्या गावी शेती बघत. एकदा त्या आल्या असताना बाटली लपवायची राहून गेली. त्यांनी चमचाभर चाखून तोंड वाकडं केलं.

"ह्यात साखर घालायची इसरला व्हय तुमचा पादरी? सरबत तर नीट करायचं."

हे लई हसले. आक्का खरंच आतून साखरेचा डबा घेऊन आल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका सोमवारी हे निपाणीला गेले आणि वखारीतच छातीत कळ येऊन संपले. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला गावी सगळे जमले. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू मांडतात. चहा, भाकरी, वांग्याची भाजी मांडून झाली. आक्का माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती तांबडी बाटली आणलीस का न्हाय?"

मी आणली होती, पण पिशवीतून काढायचं धैर्य नव्हतं. भोवती चुलते, दीर, गावची माणसं होती. मी मान खाली घातली.

"त्याला आवडत हुतं न्हवं? मग लाजतीस कशाला गं? आण हिकडं."

त्यांनी ती द्रोणात ओतली. द्रोण भरून पानावर सांडली, खालची माती काळसर झाली.

घरी एक पांढरी उरली होती. पाद्रीही त्याच वर्षी थकून गोव्याला, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात गेले. जाताना त्यांनी निरोप पाठवला की पांढरी फार दिवस ठेवू नका, ती म्हातारी होत नाही, मरते. तरी माझ्याने ती उघडवेना. बाटली संपेल, हे दुःख होतंच. पण त्याहून दुसरी भीती होती. इतकी वर्षं मी यांचेच शब्द उच्चारत आले. एकटीने घोट घेतला आणि जिभेवर काहीच आलं नाही, तर त्या सगळ्या दुपारी मी नक्की काय चाखत होते? नुसतं यांचं बोलणं?

उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी ती उघडली. रंग जरा पिवळसर झाला होता. पहिल्या घोटाला कैरीच आली. मी पेला खाली ठेवला. जेवण सुरू केलं. आमटी-भात होता, मासा एकटीसाठी आणवत नव्हता. मधेच पुन्हा पेला उचलला आणि पिण्याआधी नुसता वास घेतला.

तो मला ओळखीचा होता. माझं माहेर शहापूरचं, विणकरांच्या गल्लीतलं. सकाळी गल्लीभर लांबच लांब ताणे पसरलेले असत आणि बायका सुताला तांदळाची खळ लावत. ऊन चढू लागलं की त्या ओल्या खळीचा आंबूस, स्वच्छ वास दारापर्यंत यायचा. हे जावई म्हणून दुपारी जेवायलाच यायचे, तोवर ताणे गुंडाळून झालेले असत. तो वास यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

"खळ," मी मोठ्याने म्हणाले.

हे असते तर लगेच नाही म्हणाले असते. खळ कसली, कैरी आहे. मी हट्टाने खळच म्हटलं असतं, आणि आमचं पहिल्यांदाच वाईनवरून भांडण झालं असतं. त्या दुपारी शब्द पुन्हा उच्चारणारं कुणी नव्हतं, नाही म्हणणारंही नव्हतं. मी पेला दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिले. वास हळूहळू उतरत गेला, आणि उन्हं कलली तेव्हा पेल्यात नुसता आंबटपणा उरला होता.