खुराड्याची वास्तुशांत

आमच्या थोरल्या जाऊबाईंना मी लग्नानंतर कितीतरी महिने बसलेलं असं पाहिलंच नव्हतं. त्या उकिडव्या असायच्या. भाकरी थापताना उकिडव्या, जेवताना उकिडव्या, शेजारणीशी बोलतानाही टाचांवर अंग तोललेलं. जणू आता कुणी हाक मारणार आणि उठून चालायला लागायचं आहे. मी एकदा पाट सरकवला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे धाकटे. फडात कोण पाट देतंय?"

फड उसाचा. नवरी होऊन आल्यापासून दरवर्षी दसरा झाला की त्या मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायच्या आणि उन्हाळ्यात परतायच्या. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. थोरले दीर वारले आणि बाई अर्धा कोयता झाल्या. गावानंही तेच नाव धरलं. टँकरपाशी कुणी म्हणायचं, "आला का अर्धा कोयता?" बाई म्हणायच्या, "आला की. हंडा मात्र भरून द्या, तो आख्खा हाय."

मी कारखान्याच्या गावची, भोंग्यावर उठणारी, सातवी पास. या तिन्ही गोष्टी मी न विचारता सांगत असे. आमचे 'हे' कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, हंगामभर तिकडंच. धारूरच्या घाटाच्या अंगाला आमचं एका खणाचं घर, पुढं ओसरी, आणि आम्ही दोघी जावा.

दुष्काळाची वर्षं होती. त्या वर्षी बायकांच्या कोंबडीपालन सोसायटीनं पिल्लं वाटली. बाईंनी घेतली आणि मुकादमाला सांगितलं, "भाईर खुराड्यात जगली तर मी ऱ्हाते. मेली तर येते तुमच्यासंगं. लगीन झाल्यापासून घरची दिवाळी बघितली न्हाई मुकादम. यंदा बघू द्या." मुकादम भला होता. म्हणाला, "बघा वैनी. ट्रक येईल तवा सांगा. जागा धरून ठिवतो."

पिल्लं चुलीच्या उबेला डालग्याखाली वाढली. बाई ती कधी मोजू द्यायच्या नाहीत. "मोजू नको गं. मोजलं की त्येंना कळतंय." मी चोरून मोजायची. दर वेळी वेगळाच आकडा यायचा, तेव्हा त्यांना खरंच कळत असावं.

बघता बघता ती पंख फुटून पिठाच्या डब्यावर चढायला लागली. घराला वास सुटला. मागच्या भिंतीला दगड, पत्रा आणि सोसायटीची जाळी लावून बाईंनी खुराडं उभं केलं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता. बाईंचा बेत असा, की आज पिल्लं बाहेर न्यायची, म्हणजे सकाळी मुकादमाला काय सांगायचं ते कळेल. दुपारी पाटी घेऊन त्या निघाल्या. "वरच्या वस्तीवरून भुसकट आणते. खाली अंथरायला पायजे. मी येस्तोवर काई करू नको."

'काही करू नको' हे सातवी पास बाईला कधी सांगायचं नसतं.

मला वाटलं, जीव नव्या घरात जाणार आणि सारवण नाही? मी टँकरचं पाणी ओतलं, शेण कालवलं आणि खुराडं असं सारवलं की माझ्या माहेरची ओसरीही लाजेल. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, रांगोळी घातली, लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं. पिल्लं पदरात घेऊन एकेक आत सोडली. ओवी म्हटली, हेही सांगून टाकते. मग घर मोकळं झालं म्हणून तेही सारवलं. हात ओलेच होते म्हणून ओसरीही. आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, बाई कधी येतात आणि कधी कौतुक करतात याची वाट बघत.

दिवस कलला. घाटाकडून वारा सुटला. आधी पिल्लं ओरडत होती, मग बारीक किंचाळली, मग गप्प झाली. मी मनात म्हटलं, बघा, घर पसंत पडलं, निजली सुद्धा.

बाई आल्या, तोरण बघून थबकल्या. "अगं, कुणाचं लगीन लावलंस इथं?" हसत वाकल्या, आत हात घातला, आणि त्यांचा चेहराच उतरला. "वल्लं हाय गं! सगळं वल्लं हाय!"

कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झाला होता. थंडीनं एकमेकांच्या अंगावर चढत गेली होती. बाई आत शिरल्या आणि दोन्ही हातांनी ढीग उकलू लागल्या. "एकावर एक चढू देऊ नको. खालचं दबून मरतंय. घरात ने, चुलीपाशी!"

"घर... घर पण सारवलंय, बाई."

"मग ओसरीवर!"

मी शेणाचे हात पदराआड केले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "शाबास," एवढंच म्हणाल्या.

तळाची दोन-चार गार झाली होती. बाईंनी भुसकट एका कोपऱ्यात सारं ओतलं आणि त्यावर चक्क मांडी घालून बसल्या. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. लुगड्याचा घोळ पसरला, पिल्लं ओंजळीओंजळीनं मांडीवर घेतली आणि वरून पदर ओढला. आख्ख्या घरादारात कोरडी म्हणून तेवढी एकच जागा उरली होती. एक पिल्लू मान टाकून पडलेलं. ते त्यांनी चोळीत घातलं. "ह्ये उठलं तर समदी उठतील. चुलीची राख आण. कोमट. भाजकी न्हाई."

मी राख नेत राहिले, ओलीवर पसरत राहिले. दाराशी बाईंचं गाठोडं आणि चिंधीत गुंडाळलेला कोयता तयार ठेवलेला होता. जाता-येता दर वेळी मला त्यालाच वळसा घालावा लागे. रडायला येत होतं, तर आतून आवाज आला, "रडू नको गं. आणिक वल्लं करशील."

उजाडलं तेव्हा जमीन पांढरी, कोरडी झाली होती आणि रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. पदराखाली काही हलत नव्हतं. मुकादम घराला वळसा घालून मागं आला, "वैनी, आटपा, मंडळी खोळंबलीय." बाई खाली बघत होत्या. मग त्यांच्या चोळीतून एक चोच बाहेर आली, आणि मोठ्या रागानं चिवचिवली. तशी मांडीवरची सगळी फौज उठली.

"किती जगली?" मुकादमानं विचारलं.

"मोजत न्हाई आमी." बाईंच्या केसांत भुसकट होतं, लुगड्यावर पिल्लांनी केलेली नक्षी होती. "तुमी निघा. मी बसले हाय."

मुकादम तोरणाकडं बघून हसला आणि निघाला. ट्रकचा आवाज घाट उतरेपर्यंत बाई तशाच बसून ऐकत राहिल्या. त्या दिवाळीत पहिली पणती खुराड्यापुढं लागली. सारवायचं काम मात्र मला पुढं कधी कुणी सांगितलं नाही.

बाई जाऊन आता खूप वर्षं झाली. घरात फरशी आली. नातसून ती पुसते तेव्हा मी खाटेवरून ओरडते, "वल्लं हाय गं!" तिला वाटतं, म्हातारी घसरायला भिते. पतवंडं शाळेतून आली की माझ्या मांडीवर तुटून पडतात. मी एकेकाला बाजूला करते, एकावर एक चढू देत नाही. बाहेरून कुणी हाक मारतं, "आजी, चला, गाडी आली, लग्नाला उशीर होतोय."

"तुमी निघा," मी म्हणते. "मी बसले हाय."