बाईवर उजेड

आमच्या गुंद गावात जत्रेच्या नाटकाला नायिका बाहेरून आणतात. बाकीची पात्रं गावातलीच, पण नायिका बेळगावकडची, पैसे देऊन ठरवलेली. गावच्या बायकांनी नाटकात काम करायचं नाही, हे कुणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की सगळे इकडेतिकडे बघतात.

त्या वर्षी नायक झाले आमचे हे. नटी तालमीला यायला लागली तशी ह्यांची रोज दाढी व्हायला लागली. एरवी भातकापणीच्या दिवसांत ह्यांना आरशाची आठवणही नसते. माझ्या मनात पाल चुकचुकली. तालमीला लाइट धरायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मी धरते. पाळत ठेवायलाच गेले, खोटं कशाला बोलू?

नाटक गुप्तहेराचं. बसवत होते शाळेचे मास्तर, आणि त्यांना जुन्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी पिक्चरचं वेड. खुनाचे, फसवाफसवीचे पिक्चर. त्यातले प्रेमाचे प्रसंग त्यांनी आम्हाला मोबाइलवर दाखवले. भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली, बाईचा चेहरा लख्ख, आणि हॅटवाला पुरुष अर्धा अंधारात.

"वैनी, उजेड कायम बाईवर धरायचा," मास्तर म्हणाले. "बघणाऱ्याला तिचा संशय याय पायजे."

"आणि बाप्याचा?"

"त्यो बिचारा फसणारा असतोय."

मला हे लगेच पटलं. माझाही बिचाराच होता ना!

हॅलोजनपुढे मी बांबूच्या कामट्या बांधल्या. पिक्चरसारख्याच पट्ट्या पडल्या. मग रोज संध्याकाळी देवळापुढच्या मंडपात मी त्या बाईवर उजेड धरून बसायची. तिची लिपस्टिक, तिचं हसणं, तिचा सारखा सावरलेला पदर, मला सगळंच खुपायचं. तिनं पाणी मागितलं तरी कुणाकडे बघून मागितलं, हे मी बघायची.

एक दिवस प्रेमाचा प्रसंग चालला होता. ह्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तुझ्यासाठी मी घरदार सोडीन." तेवढ्यात नटी माझ्याकडे वळली.

"अक्का, लाइट जरा बाजूला घ्या की. डोळं दुखायल्यात."

मी लाइट फिरवला, तो नेमका ह्यांच्यावर.

नटी आता अंधारात होती. गोड आवाजात पाठ केलेलं वाक्य म्हणता म्हणता तिनं पायावरचा डास मारला. बाहेर तिला बेळगावच्या वाटेवर रामनगरपर्यंत सोडणारी जीप थांबली होती, तिचं अर्धं लक्ष तिकडेच. तिच्या दृष्टीनं हे काम होतं. उरकलं की घरी.

आणि हे? ह्यांचं वाक्य कधीच संपलं होतं, तरी हे तिच्याकडे बघतच राहिले होते. तसा चेहरा मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. माझ्याकडे बघताना तर कधीच नाही. मी लाइट आणखी पुढे सरकवला आणि कामट्यांच्या सावल्या ह्यांच्या तोंडावर हलल्या.

"लाइट तिच्यावर!" मास्तर ओरडले.

मी फिरवला नाही. इतके दिवस त्या बाईवर दात खाल्ले होते. आता तो राग कुणावर काढायचा, हे मला कळेना. रडू मात्र आलं.

घरी अंथरुणं घातल्यावर मी विचारलं, "आज लई चांगलं केलासा. नाटकच हुतं न्हवं?"

ह्यांनी उठून आधी बल्ब बंद केला. मग म्हणाले, "व्हय."