एका वर्षाची वाढ

आमच्या नजरबादच्या गल्लीतले शेअरवाले अण्णा कशालाच नुसतं महाग म्हणायचे नाहीत. कोणी महाग म्हटलं की विचारायचे, "आणि वाढतंय किती?" मग ते नारळाचं रोप असो, नाहीतर शेअर.

माझी शाळा तिसरीपर्यंत. म्हणून मला त्यांनी शर्टावरून सांगितलं. "अक्का, पोर वाढतंय म्हणून शर्ट एक माप मोठा घेता ना? पण बापाचा घालत नाही. शेअरचं तसंच. भाव कमाईच्या किती पट आहे ते बघायचं. कमाई वर्षाला जितके टक्के वाढते, त्यानं त्याला भागायचं. एकाच्या आत आलं तर शर्ट अंगाचा."

माझे मालक गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातून थोडे पैसे मिळाले. ते आमच्या लेकीच्या, शारदाच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेले. पिरियापट्टणहून दीर आले. "वहिनी, हा शेअर घ्या, सगळे घेतायत." अण्णांनी हिशोब केला. "भाव साठ पट, वाढ पंधरा टक्के. चार आलं. बापाचा शर्ट हा. साकु, पुरे हे, नको." दीर काफी न पिताच उठले.

मग अण्णांनीच दुसरा शोधला. भाव वीस पट, वाढ चाळीस टक्के. अर्धंच आलं. मी घेतला, त्यांनीही घेतला.

पुढच्या वर्षी वाढ कुठली? भाव पार खाली. फी भरायला काही उरलं नाही. शारदा साड्यांच्या दुकानात कामाला लागली. दीर जेवायला आले तेव्हा म्हणाले, "काय वहिनी, बसला का शर्ट अंगाला?" मी त्यांना भात वाढला.

अण्णा आले, पण दारातून आत येईनात. "अक्का, चुकलं माझं. एकाच वर्षाची वाढ धरली मी. आदल्या वर्षी कंपनी पडून होती, म्हणून उठली ते मोठं दिसलं. मागची चार-पाच वर्षं बघायला हवी होती."

"इरली, असू द्या अण्णा. आत या, काफी घ्या," म्हटलं. रडून काय फी भरता येते? मी आणखी दोन घरचा स्वयंपाक धरला. शारदा नर्स झाली, उशिरा झाली.

पुढे एका दसऱ्यानंतर अण्णा आजारी पडून तिच्याच दवाखान्यात आले. पोटात पाणीसुद्धा ठरेना. एका सकाळी मात्र उठून बसले, दोन इडल्या खाल्ल्या. मी म्हटलं, "अण्णा, कालच्यापेक्षा किती फरक! चार दिवसांत घरी बघा."

ते हळूच हसले. "अक्का, एका दिवसाची वाढ धरू नका."

शारदा त्यांची नाडी बघत होती. बघून झाली तरी तिनं हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा गेले.