केळीच्या सोपटाची केबल

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! निदान तोंडातला चहा गिळून मग हसा. आणि एक लक्षात ठेवा, माझा राग अजून उतरलेला नाही.

मद्रासला मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मैलापूरला माधवरावांच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. माधवराव तंजावूरकडचे मराठी. त्यांची मराठी मला पोथीतली वाटायची आणि माझी त्यांना भांडणाची. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, जानकीबाईंना, मामी. मामांना ऐकू कमी येई. कमी म्हणजे किती? अंगणात नारळ पडला तर ते दाराकडे बघून विचारत, "कोण आलं?"

त्यांची मुलगी सरोजा गायची. अशी गायची की रस्त्यानं जाणारा दहीवाला मडकं डोक्यावर घेऊन उभाच्या उभा राही. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा बडोद्याचा. म्हणजे माहेरचं हे तिचं शेवटचं नवरात्र. नवरात्रात तिकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्यांचा कोलू मांडतात. संध्याकाळी बायका येतात, कोलूपुढे बसून गातात, सुंडलची, म्हणजे उकडून फोडणी दिलेल्या हरभऱ्यांची, पुडी घेऊन जातात. खोलीत सगळा बायकांचा कारभार, पुरुषांनी बाहेर ओट्यावर बसायचं.

एकदा मामा मला म्हणाले, "आमची सरोजा गाते म्हणे सुरेख. सगळी गल्ली सांगते."

ते 'म्हणे' माझ्या काळजात घुसलं हो! बापानं मुलीचं गाणं गल्लीकडून ऐकायचं? स्वतंत्र देशात? मी बी. एस्सी. झालो होतो तो कशासाठी?

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मामा, या नवरात्रात तुम्ही ओट्यावर बसून सरोजाचं गाणं ऐकणार!"

"कोण येणार?" मामांनी विचारलं.

जुन्या बाजारात लष्कराच्या मोडीतले हेडफोन मिळाले. टेलिफोनच्या तुटक्या रिसिव्हरमधला बोलायचा तुकडा मिळाला, तो माझा मायक्रोफोन. बॅटरीचे सेल होतेच. राहिली केबल, कोलूपासून ओट्यापर्यंत. दुकानदारानं एक विलायती गुंडाळी पुढे ठेवली. आत तार, वर रबर, मध्ये बारीक तांब्याची विणलेली जाळी.

"ही जाळी कशाला?" मी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "अशीच येते, सार."

बघा! अशीच येते म्हणून आपण घेतो! आतली तार काम करणार, जाळी नुसती नटून बसणार, आणि तिची किंमत भरणार आपण गरीब देशातले लोक! मी त्या दुकानात उभा राहून स्वावलंबनावर जे काही बोललो ते तुम्ही ऐकायला हवं होतं. दुकानदारानं ऐकलं नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

मी ठरवलं, केबल घरी करायची. शंभर टक्के स्वदेशी.

जळक्या पंख्यातली तांब्याची तार भंगारात मिळाली. तुकडे तुकडेच होते, पण जोडले की झालं. जोडाला कथलाचा डाख द्यायचा असतो हे मला माहीत होतं. पण कथील बाहेरून येतं हेही माहीत होतं! म्हणून डाख रद्द. टोकं एकमेकांत पिळायची आणि वरून बांधायची. कशानं? तेवढ्यात मामी फुलं ओवताना दिसल्या. तिकडे गजरे केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधतात. काय ती गाठ! फूल सुकतं पण गाठ सुटत नाही.

"मामी, असं माझ्या तारेला बांधता येईल?"

"न यायला काय झालं? पण सोपट ओलं पाहिजे. सुकलं की तुटतं."

"ओलं तर ओलं!"

मामींनी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या तारांवर गुंडाळल्या, एकेक जोड ओल्या सोपटानं गच्च आवळला आणि मग दोन्ही तारा हातात घेऊन थबकल्या.

"तिसरा पेड कुठं आहे?"

"तारा दोनच लागतात, मामी."

"दोन पेडांची वेणी कुणी घालतं का? लोक काय म्हणतील?"

शेवटी सरोजाची लाल रिबीन तिसरा पेड म्हणून आत गेली. केबल अशी देखणी झाली की तिला मोगरा माळावा! मी लगेच चाचणी घेतली. मामी कोलूजवळ म्हणाल्या, "अरे, भात लावायचाय मला," आणि ओट्यावर माझ्या कानात ते लख्ख आलं. मी नाचलो. सोपट वाळू नये म्हणून मामी रोज सकाळी फुलांबरोबर केबलवरही पाणी शिंपडत राहिल्या. मी कौतुकानं बघत राहिलो. समुद्राच्या त्या खाऱ्या हवेत! रोज!

सरोजाच्या गाण्याची संध्याकाळ आली. कोलूवरच्या वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांमागे मी मायक्रोफोन लपवला. केबल जमिनीवरून नेली तर बायका अडखळतील, म्हणून खिडकीतून काढून कौलांवरून, तिथून नारळाच्या झाडावरून, मग ओट्यावर उतरवली. मामा धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून बसले होते. लग्नाला बसावं तसे. मी त्यांना हेडफोन चढवले. आत सरोजानं सूर लावला.

मामांचा चेहरा बदलत गेला. मी त्यांच्या डोळ्यांत पाणी शोधू लागलो. आणि मामा मोठ्यानं म्हणाले,

"भाताचा भाव चढलाय रे!"

"काय?"

"कोणी गृहस्थ सांगतोय. आता नाचणी."

मी एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. खरंच! सरोजाचा आवाज पार दूर, विहिरीच्या तळाशी असावा तसा, आणि वर एक भारदस्त तमिळ आवाज बाजारभाव वाचतोय! रेडिओ! माझी नजर शेजारी गेली. रंगनाथन सार खिडकीत आरामखुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या रेडिओवर शब्दन् शब्द तोच!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक त्यांच्या दारात. त्यांच्या तमिळचं आणि माझ्या इंग्रजीचं मी आता मराठी करून सांगतो. 'तंबी' तेवढं तसंच ठेवतो, तिकडे धाकट्या भावाला म्हणतात.

"सार, बंद करा तो रेडिओ! शेजारी एक मुलगी माहेरचं शेवटचं गातेय. तुमचा आवाज आमच्या मायक्रोफोनमध्ये घुसतोय!"

"तंबी, माझी बायको इथं बसली आहे. तिलाही नीट ऐकू येत नाहीये, एवढा हळू लावलाय."

"हळू? माझ्या कानात तो माणूस ओरडतोय! नागरिकाची काही कर्तव्यं असतात की नाही?"

सज्जन माणूस. त्यांनी रेडिओ बंद केला. मी विजयी मुद्रेनं परतलो.

"नाचणी संपली," मामा ओरडले. "आता शेंगदाणा!"

म्हणजे दुसरा कुणीतरी! मी पलीकडच्या घरी गेलो. तिथला रेडिओ बंद करवला. समोरच्या वकिलांकडे गेलो. ते जेवत होते, उष्ट्या हातानं त्यांनी बंद केला. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो, तिथं तर मी बाकावर चढून बोललो. एका मुलीच्या गाण्यासाठी एक गल्ली एक संध्याकाळ गप्प बसू शकत नाही? मग आपण देश कसा घडवणार?

गल्ली गप्प बसली. अगदी खरोखर. लोक आपापली दारं सोडून आमच्या ओट्यासमोर जमले, सगळ्यांची तोंडं फुगलेली. आणि त्या शांततेत मामांचा खणखणीत आवाज घुमला,

"आता हवामान! किनाऱ्याला पाऊस! कोळ्यांनी समुद्रात जाऊ नये!"

रंगनाथन सार पुढे आले. त्यांनी अदबीनं मामांच्या कानावरचे हेडफोन काढून आपल्या कानाला लावले. ऐकलं. मग वाकून त्यांनी बॅटरीची तार ओढून काढली. पुन्हा ऐकलं. हेडफोन माझ्या हातात दिले. बॅटरी नाही, काही नाही, आणि तो माणूस मजेत हवामान सांगतोय!

मी केबल हातात घेतली. जोडाजोडावर हिरवा गंज फुलला होता. कॉलेजात मला हा धडा होता हो! तार उंच टांगली की एरियल, आणि गंजलेला जोड रेडिओच्या लहरी पकडून कानात घालतो. अशा आगंतुक लहरी बाहेरच्या बाहेर अडवण्यासाठीच तर ती विलायती जाळी! मी परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले होते!

"तंबी," रंगनाथन सार शांतपणे म्हणाले, "माझ्या रेडिओचं लायसन्स आहे. तुझ्या वेणीचं आहे का?"

गल्ली जी हसली! वकील तर उष्टा हात झटकत हसले. मी कुठं बघावं? एवढ्यात आतलं गाणं थांबलं. सरोजा बाहेर आली. बायकांतून उठून, सगळ्या पुरुषांच्या गर्दीतून, सरळ ओट्यावर. तिनं बापाशेजारी मांडी घातली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि अगदी हळू, पहिल्यापासून गायला लागली.

मामा डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"हं. बातम्या संपल्या वाटतं."

आणि मग त्यांचे डोळे वाहायला लागले.

हेडफोन आणि ती केबल मामांनी मला परत दिली नाही. बाजारभाव रोज ऐकायचे म्हणून ठेवून घेतली. मामी शिंपडायच्या पाणी. गल्लीत माझं नाव झालं ते 'रेडिओवाला', आणि ते मला फार लागलं. मी म्हटलं, थांबा, दाखवतोच! रजा टाकली, पुस्तकं आणली, डाख द्यायचं हत्यार घेतलं, कथील घेतलं, होय, बाहेरचंच घेतलं! आणि आकृतीबरहुकूम खराखुरा रेडिओ बांधला.

त्यातून आजपर्यंत एक शब्द बाहेर पडलेला नाही.

रंगनाथन सार येऊन बघून गेले. म्हणाले, "तंबी, तू असं कर. पुन्हा केबल करायला बस."