अंगठ्याचे माप

जड गोळा हातातून सुटतो तेव्हा आधी अंगठा निघतो की बोट, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? मीही पाहिले नव्हते. ते पाहणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो गोळा टाकणाऱ्याच्या शेजारी उभा नसे. गोळा जिथे येऊन आदळतो त्या खड्ड्यात तो उकिडवा बसलेला असे.

आम्ही क्लबातले नोकर त्यांना खड्ड्यातले अण्णा म्हणत असू. साहेब लोक त्यांना 'बॉय' म्हणत. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या झालेल्या, दोन नातवंडांचे आजोबा, आणि बॉय. सोलापुरातल्या गोऱ्यांच्या क्लबात एक लांब सागवानी पट्टी होती. तिच्या टोकाला दहा लाकडी खुंट्या उभ्या करायच्या आणि अलीकडून गोळा घरंगळत सोडून त्या पाडायच्या, असा तो खेळ. पाडायला साहेब होते, उभ्या करायला अण्णा. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, फळ्यावर गुण मांडायला ठेवलेला. खिशात समतेची छापील पत्रके आणि हातात साहेबाचा खडू, अशी माझी त्या वेळची अवस्था.

अण्णा मूळचे विणकर. घरी तेलुगू बोलत, आमच्याशी सोलापुरी मराठी. गिरण्यांच्या कापडापुढे घरचा माग बंद पडला तेव्हा ते क्लबात आले. पण नजर विणकराचीच राहिली. एक धागा सैल असला तरी ज्याला दिसतो त्याची नजर. पट्टीला लाखेचे रोगण असे. गोळा तिच्यावरून फिरत जाताना त्याचा जो भाग घासतो तिथे बारीक चऱ्यांचे वर्तुळ उठते. त्याला अण्णा 'कडं' म्हणत. परत पाठवण्याआधी प्रत्येक गोळा फडक्याने पुसायचा, हे त्यांचे काम. पुसण्याआधी ते कडे पाहून घेत, हे त्यांचे व्यसन.

"तोंड बगायला कशाला पायजे? कडं बगितलं की कळतंय, कुनी टाकलाय आन् कसा टाकलाय," असे ते म्हणत.

हे शास्त्र त्यांनी मला खड्ड्याच्या कडेवर बसून शिकवले. गोळ्याला दोन भोके असतात, एक अंगठ्याचे आणि एक बोटाचे. सोडताना हात गोळ्याच्या डोक्यावरून फिरला तर गोळा भोवऱ्यासारखा गरगरतो. त्याचे कडे लहान आणि एका बाजूला उठते. दिसायला मोठी फिरकी, पण खुंटीला लागला की गोळाच बाजूला सरतो. कडे भोकांवरून गेले तर वाटेत टकटक वाजते आणि जोर मरतो. हात गोळ्याच्या मागे राहिला, अंगठा आधी निघाला आणि मग बोटाने बाजूने उचल दिली, तर कडे मोठे, भोकांच्या अगदी जवळून पण त्यांना न शिवता उठते. असा गोळा अर्ध्याहून अधिक पट्टी सरळ घसरत जातो आणि खुंट्या जवळ आल्या की वाकतो. अण्णा तळहात हवेत वळवून ते वाकण दाखवत, तेव्हा त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा होई. चैत्रात सोलापूरच्या उन्हाने लाख मऊ पडते आणि गोळा लवकर वाकतो. तेव्हा उचल कमी द्यावी, हेही त्यांनाच ठाऊक.

एवढे जाणणाऱ्या माणसाने अकरा वर्षांत एकदाही गोळा टाकला नव्हता. नोकराने पट्टीवर पाय ठेवायचा नाही आणि गोळ्याच्या भोकात बोट घालायचे नाही, असा क्लबाचा नियम होता. अण्णा तो पाळत. भोकाच्या कडा ते फडक्याच्या टोकाने पुसत. मला त्याचा संताप येई. त्यांना येत नसे, याचा अधिकच येई.

क्लबातला थोरला साहेब एका गिरणीचा व्यवस्थापक होता. त्याचा गोळा नेहमी भोवरा. पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्यांशी दरवर्षी चषकाचा सामना होई आणि तो दरवर्षी हरे. एके दिवशी अण्णांनी माझ्याकडून खडूचा तुकडा मागून घेतला. साहेबाच्या गोळ्यावर उठलेले कडे खडूने गिरवले आणि गोळा तसाच परत पाठवला. साहेब ते पाहून चिडला. मी इंग्रजीत समजावले, हात मागे ठेवा, अंगठा आधी काढा. तो हसला, पण करून पाहिले. आठ दिवसांत गोळा वाकू लागला.

त्याला कशाला शिकवता, म्हणून मी अण्णांशी भांडलो. ते म्हणाले, "त्याला कुटं शिकवतोय? ते मोठं, भोकास्नी न शिवनारं कडं एकदा डोळ्यानं बगायचं हाय मला."

खूश होऊन साहेबाने विचारले, बॉयला काय हवे? अण्णांनी माझ्या तोंडून सांगितले, "एकदा टाकू द्या म्हनावं. एकच." साहेब म्हणाला, चषक जिंकलो तर.

त्या दिवसापासून अण्णा खुंट्या उभ्या करताना गुणगुणत असत.

सामन्याला पंधरवडा उरला होता. शेवटची खुंटी लावून अण्णांनी खड्ड्याच्या कडेवर चढायचे, हात वर करायचा आणि मगच साहेबाने गोळा सोडायचा, अशी रीत होती. त्या दिवशी साहेबाला घाई होती. अण्णांचा हात खुंटीवरच होता. गोळा आला, दहाच्या दहा खुंट्या उडाल्या आणि त्यांतली एक अण्णांच्या उजव्या अंगठ्यावर बसली. मी धावत गेलो. अण्णांनी अंगठा काखेत दाबून धरला होता आणि ते वाकून गोळा पाहत होते.

"कडं बराबर आलं की," ते म्हणाले.

अंगठा महिन्याने बरा झाला, म्हणजे दुखायचा थांबला. सांधा मात्र सुपारीएवढा जाडच राहिला. त्याचा विचार कोणी केला नाही. त्यांनी नाही, मीही नाही.

साहेब सामना जिंकला. अंगठ्याची सूज उतरल्यावर एका रविवारी, चहापानाला मडमा जमल्या असताना, त्याने मोठ्या दिलदारपणे बॉयला बोलावले. अण्णा धुतलेले धोतर नेसून आले होते. नळावर पाय धुऊन त्यांनी पट्टीच्या सुरुवातीला अनवाणी पाऊल टाकले आणि बराच वेळ पलीकडे पाहत राहिले. अकरा वर्षांत त्या बाजूने त्यांनी ती पट्टी कधी पाहिली नव्हती. "हितनं लई लांब दिसतंय," ते मला हळूच म्हणाले.

मग त्यांनी साहेबाच्याच गोळ्याच्या भोकात उजवा अंगठा घातला. तो सांध्याशी अडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा होतो. तो आत अडकणार हे मला कळले होते, तरी मी तिथून हललो नाही. त्यांनी अंगठा जोराने आत दाबला. धागा अडकला तर विणकर धोटा थांबवतो. अण्णांनी हात थांबवला नाही. अकरा वर्षे वाट पाहिलेला माणूस कसा थांबवील? हात मागे गेला, पुढे आला, बोट निघाले, अंगठा निघाला नाही. गोळ्याने त्यांना ओढून गुडघ्यांवर पाडले, मग सुटला आणि बाजूच्या पन्हळीत घरंगळत गेला.

सगळे हसले. साहेब मला म्हणाला, मार्कर, लिही. मी शून्य लिहिले. माणसे सारखी आहेत असे छापलेली वीस पत्रके त्या क्षणी माझ्या खिशात होती.

पट्टीच्या टोकाला दहाही खुंट्या उभ्या होत्या. त्या त्यांनीच लावल्या होत्या. अण्णा उठले, पट्टीच्या कडेकडेने चालत गेले आणि आपल्या खड्ड्यात उतरले. पन्हळीतला गोळा त्यांनी उचलला, पाहिला, पुसला आणि परत पाठवला.

उन्हाळ्याआधी त्यांनी क्लब सोडला. पुन्हा मागावर बसावे तर त्या अंगठ्याने तुटल्या धाग्याला गाठही मारता येईना, म्हणून निजामाच्या मुलखात मुलीकडे निघाले. स्टेशनवर मी साहेबाला शिव्या देत होतो. अण्णांनी मला थांबवले.

"माजीच चूक हाय रे," ते म्हणाले. "आदी अंगठा मापून बगायला पायजे हुता. मला काय ठावं, भोकं ज्याच्या त्याच्या मापानं पाडलेली असत्यात."

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचे पत्र आले. ते तेलुगूत होते, वाचून घ्यायला मला विणकरांच्या पेठेत जावे लागले. अण्णा गेल्याचे त्यात होते. शेवटच्या आजारात ते तळहात हवेत वळवून काहीतरी दाखवत असत, ते काय होते, एवढेच तिने विचारले होते. मी तिला सगळे लिहिले. शून्याचेही लिहिले.

चषक अजून क्लबातल्या काचेच्या कपाटात आहे, साहेबाच्या नावाचा. आता त्या क्लबात आपली माणसेही सभासद झाली आहेत. वकील आहेत, डॉक्टर आहेत, सभांत माझ्याच पत्रकांतली वाक्ये बोलणारेही आहेत. खड्ड्यात आता दुसरा माणूस बसतो. आपली माणसेही त्याला बॉयच म्हणतात.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर तुमच्याकडे एक मागणे आहे. येत्या रविवारी गोळा सोडण्याआधी तो माणूस कडेवर चढेपर्यंत थांबा. मग त्याला पट्टीच्या अलीकडच्या टोकाला बोलवा, त्याचे नाव विचारा, त्याच्या अंगठ्याचे आणि बोटाचे माप घ्या, आणि त्या मापाची भोके पाडलेला एक गोळा त्याच्यासाठी मांडणीवर ठेवा. त्याचा अंगठा अजून सरळ आहे. तो तसा आहे तोवरच हे करा.